पाचवं आवर्तन

औषधांच्या दुकानात रांगेत माझा नंबर चौथा होता आणि छतातल्या स्पीकरमधून कुणीतरी मोजायला लागलं. एक... दोन... एक, दोन, तीन. मग गिटार सुरू झाली. गिटार माझी होती, पण त्याचं काही विशेष नाही. या बेटावर जिथे जिथे स्पीकर आहे तिथे गेली पंधरा वर्षं कधी ना कधी माझी गिटार वाजते; न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, शेजारच्या गाडीत सिग्नलला. माणूस त्याला सरावतो. पण मोजणारा आवाजही माझाच होता. घसा जरा बसलेला, 'तीन' म्हणताना खाली उतरणारा. मी कुठल्याही गाण्यात मोजलेलं नाही. म्हणजे मोजलं होतं, पण ते मी कापून टाकलं होतं. माझ्यापुढे एक बाई उभी होती, पायात घरातल्या सपाता, काखेत डायपरचं पुडकं. मोजणी सुरू होताच तिचा खांदा हलायला लागला. पुढे काय येणार ते तिला पाठ होतं. या दुकानात एसी एवढा असतो की म्हाताऱ्या बायका स्वेटर घालून येतात. तरी माझ्या मानेवर घाम फुटला. काउंटरवरच्या मुलीने पपांचं नाव घेऊन दोनदा हाक मारली, रक्तदाबाच्या गोळ्या तयार आहेत म्हणाली, आणि मी तिच्याकडे बघत नुसता उभा राहिलो.

ज्याला आमचा धंदा ठाऊक नाही त्याला यात घाबरण्यासारखं काय, ते कळायचं नाही. आमच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रात कापलेलं काही जात नाही. तुकड्याची कड आत ओढली की नको तो भाग दिसेनासा होतो, एवढंच. कुणी ती कड पुन्हा बाहेर ओढली तर सगळं जसंच्या तसं परत येतं: खोकला, शिवी, खुर्चीची कुरकुर. म्हणून दुसऱ्याकडे काम पाठवताना आधी सपाट करायचं असतं, म्हणजे जेवढं हवं तेवढंच नव्याने उतरवून द्यायचं, मागे काही लपलेलं ठेवायचं नाही. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मे महिन्यात मी गाणी जुळवणाऱ्या होक्सानला हे गाणं पाठवलं तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, एकवीस वर्षं या कामात होतो, आणि सपाट करायला विसरलो. अख्खी फाईल उचलून दिली, आणि गाणं बाहेर आल्यावर ते ऐकलंही नाही. त्या फाईलच्या कडांखाली माझे दोनशे चौदा प्रयत्न होते. प्रत्येकाच्या आधी मी मोजलं होतं आणि प्रत्येक प्रयत्न दुसऱ्या आवर्तनात मोडला होता. काही ठिकाणी मी गप्प बसलो होतो. एका ठिकाणी रडलोही होतो. आवाज न करता, पण माईक चांगला होता.

उजव्या हाताचं बोट, अनामिका. दुखत नाही, सुजत नाही. त्याने शर्टाची बटणं लावता येतात, कॉफीचा कप धरता येतो, सोराइदाच्या, माझ्या बायकोच्या, केसांतून ते पहिल्यासारखंच फिरतं. फक्त गिटारची तार समोर आली की ते आत वळतं आणि तळव्याला चिकटतं, आईच्या मागे लपणाऱ्या लेकरासारखं. रिओ पिएद्रासच्या डॉक्टरने माझ्याकडून पेन उचलवलं, नाणी वेचून घेतली, आणि म्हणाला, हात उत्तम आहे. मग मी गाडीतून गिटार आणून त्याच्यासमोर वाजवली. त्याने खुर्ची जवळ ओढली. म्हणाला, बिघाड बोटात नाही, मेंदूत आहे. चाळीस वर्षं तीच ती हालचाल करून तिथलं बोटाचं चित्र पुसट झालंय. किती लोकांचं परत येतं, असं मी विचारलं. त्याने खांदे उडवले आणि तो खुर्चीत मागे सरकला. माणूस गाडीखाली येतो, कडेलोट होतो, ते मला समजतं. जे आवडलं तेच पुष्कळ केल्याने ते जातं, हे मला अजून समजलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्या दिवसापासून चिडलेलाच आहे.

दोन वर्षं हे लपून राहिलं ते आमच्या गाण्यांच्या रीतीमुळे. या गाण्यांना गिटार लागते ती चार आवर्तनांची. चार आवर्तनं वाजवायची, बाकी यंत्र गिरवतं. वर ढोल, वर पोरांची बडबड, तीन मिनिटं होतात. मी ती चारसुद्धा सलग वाजवत नव्हतो. अंगठ्याचे सूर एकदा, तर्जनीचे एकदा, अनामिकेचे सूर तर्जनीनेच वेगळे घेऊन एकेक करून जागेवर बसवायचे. मग ते जिवंत वाटावं म्हणून तारेवर बोट घासल्याचा आवाज मुद्दाम घालायचा. लोक म्हणायचे, मास्तर, हाताला काय भाव आहे तुमच्या. मी मान झुकवून आभार मानायचो. घरी वाजवणं बंद केलं. सोराइदाने एकदा विचारलं, हल्ली गिटार नुसती पेटीतच असते का; मी म्हणालो, दिवसभर तेच करतो, घरी कशाला. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नव्हती. आणि आता त्या बाईचा खांदा हलत होता. कुणीतरी कड ओढली होती. ज्याने पहिली मोजणी ऐकली, तो तिथेच कशाला थांबेल?

गाडीत बसलो तेव्हा तारीख आठवली. तीन जानेवारी. परवा तीन राजांच्या सणाची आदली संध्याकाळ, आणि पपांचा नवस. मी सात वर्षांचा असताना कपडे पिळायच्या यंत्राच्या रुळांत हा हात मनगटापर्यंत गेला होता. आईने उलटा दांडा फिरवून तो बाहेर काढला, तेव्हा हाताकडे बघून ती खाली बसली. दवाखान्यात म्हणाले, दोन बोटं काढावी लागतील. पपा हॉटेलांत तिघांच्या ताफ्यात बोलेरोची प्रेमगाणी वाजवून पोट भरत. ते घरी आले, बाळ येशूला भेटायला गेलेल्या तीन राजांच्या लाकडी मूर्तींसमोर गुडघे टेकले आणि कबूल केलं: बोटं वाचली तर दर वर्षी तुमच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी पोरगं याच हाताने तुमचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवेल, मी जिवंत असेपर्यंत. बोटं वाचली. पपांनी मला गिटार शिकवली ती मला संगीत यावं म्हणून नाही, शब्द पाळायचा होता म्हणून. आठव्या वर्षापासून मी वाजवत आलो, डोंगरातलं अर्धं गाव अंगणात, केळीच्या पानातले पास्तेलेस उकळताहेत, आणि तिघांच्या मध्ये काळा मेल्चोर घोड्यावर बसून माझ्याकडे बघतोय. गेल्या वर्षी मी मायामीला काम आहे म्हणून सांगितलं आणि तुकडे जोडून केलेली ध्वनिफीत पाठवली. मायामीला कसला जातोय. तीन दिवस स्टुडिओत सोफ्यावर झोपलो. मावसबहिणीने ती राजांसमोर लावली.  महिन्याभराने पपा फोनवर एवढंच म्हणाले, मेल्चोरसमोर डबा वाजवलास, यंदा स्वतः ये.

होक्सानचा फोन आला तो मी पुलावर असताना. संतुर्सेला स्टुडिओत ये म्हणाला, गाणारी नाशाली आलीये, तिला तेच गाणं नुसत्या गिटारवर म्हणायचंय, एक माईक, सलग, कॅमेरा लावून. अर्ध्या तासाचं काम आहे मास्तर. त्याच्या आवाजात काही होतं का, ते मी पुढची वीस मिनिटं उलटंसुलटं करून बघत होतो. होक्सान सव्वीसचा आहे. त्याचं पहिलं गाणं मी वाजवलं तेव्हा तो बायामोनमधल्या घरात आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर काम करायचा आणि मला 'सर' म्हणायचा. त्याला कळलं असेल तर तो मला बोलावून तमाशा करेल का? की कळलंच नसेल म्हणून बोलावलं? न जाण्याची शंभर कारणं होती. त्यातलं एकही मी फोनवर म्हणालो नाही, कारण न जाणं म्हणजे कबूल करणं, असं मला त्या वेळी वाटलं. गाडी लावली तेव्हा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. पाचही बोटं सरळ, निरागस.

नाशाली चोवीस वर्षांची, कॅरोलिना गावची, बोलायला लागली की थांबत नाही. तिने मला मिठी मारली आणि मोजणी ठेवायची कल्पना तिचीच, हे आधी सांगून टाकलं. होक्सान सुरुवातीचा श्वास शोधत होता, त्याने कड ओढली, आणि हे ऐकू आलं. "माझे आजोबा पाण्यात शिरायच्या आधी असंच मोजायचे, मास्तर," ती म्हणाली. "तीनला हमखास मागे यायचे." मी हसलो. होक्सानकडे बघितलं तर तो वायर गुंडाळत होता, आधीच गुंडाळलेली. मी विचारलं, आणखी काही ऐकलंस का त्यात. तो म्हणाला, नाही, तेवढंच. फार पटकन म्हणाला. मग त्याने मला स्टूल दिलं, माईक तोंडाच्या उंचीवर आणला, पुन्हा खाली केला, आणि मी गिटार मांडीवर घेतली. त्या क्षणी मला खरोखर वाटलं की आज ते वळणार नाही. प्रत्येक वेळी वाटतं. दोनशे चौदा वेळा वाटलं होतं.

वीज गेली. या बेटावर वीज जाण्याइतकी साधी गोष्ट दुसरी नाही, तरी मी मनातल्या मनात मेल्चोरचे पाय धरले. यंत्रं एकेक करत विझली, एसी बंद पडला, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच रस्ता ऐकू आला. जनरेटर शेजारच्या बेकरीचा. तो त्यांचे फ्रिज सांभाळतो, आमची गाणी नाही. होक्सानने दार उघडून विटेने अडवलं. दुपारचं ऊन जमिनीवर येऊन पडलं. आता हे टळलं, असं मी म्हणतोय तोच नाशालीने खुर्ची ओढली. "वीज येईपर्यंत वाजवा की, मास्तर. नुसतं. मला सूर बघायचाय." नाही म्हणायला यंत्र उरलं नव्हतं. कुठली तार लावायची, कुठला माईक, पातळी तपासा, काहीच मागता येत नव्हतं. मी मोजलं. पहिलं आवर्तन गेलं. दुसऱ्यात बोट वळलं आणि सूर गळला. मी हसून म्हणालो, हात गार आहेत, आणि पुन्हा मोजलं. पुन्हा दुसऱ्यात. तिसऱ्यांदा मोजताना 'तीन' खाली उतरला, गाण्यात उतरतो तसाच, आणि ती पोर, बिचारी, त्याच्याबरोबर खांदा हलवू लागली. मग तिचा खांदा थांबला. माझ्या हाताकडे ती बघतेय हे मला मान वर न करताही कळलं.

"राहू दे गं त्यांना," होक्सान म्हणाला. "त्यांना म्हाताऱ्याच्या गोळ्या पोचवायच्यात." गोळ्यांचं मी त्याला सांगितलं होतं का, ते आठवेना, पिशवी स्टुलाखाली होती. जिन्यात तो माझ्यामागे आला. अर्धा जिना उतरल्यावर म्हणाला, मास्तर, सगळे ऐकले मी. मी पुढची पायरी उतरलो. तो म्हणाला, दोन रात्री बसून दोनशे चौदाही ऐकले, कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. मोजणी का ठेवलीस, मी विचारलं. "बाकी सगळं मी घासून पुसून साफ केलं होतं," तो म्हणाला. "तुमचं म्हणावं असं काहीतरी एक राहू दे, म्हटलं." मग त्याने खिशातून फोन काढला आणि कानाला लावायला दिला. गिटार होती. चार आवर्तनं नाही. सगळं, तीन मिनिटं, कडव्यांसकट, शेवटच्या थांबण्यासकट. माझ्या मोडलेल्या प्रयत्नांतले चांगले सूर वेचून त्याने ते शिवलं होतं. मी कधीच वाजवलं नव्हतं इतकं चांगलं. आणि खाली दुसरी एक फाईल होती, राजांच्या गाण्याची. मे महिन्यात मन रमवायला मी ते मधेमधे छेडलं होतं, त्या तुकड्यांची. "नवसाचं तुम्ही एकदा बोलला होतात," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर असावं." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "तुम्ही फक्त चार देत जा, मास्तर. तीही नाही जमली तर दोन. बाकीचं मी करतो."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लपवत नाही. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं वाटलं, आणि गाडीपर्यंत पोचेतो कळलं की आता माझी गरज संपली. त्याच्याकडे दोनशे चौदा तुकडे होते. तेवढ्यांवर तो मला आणखी वीस वर्षं वाजवू शकला असता, मी मेलो तरी. पोरगं दुष्ट असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती आणि मोकळा झालो असतो. ते चांगलं होतं. डोंगराच्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि बांबूच्या बेटापाशी बसून ते राजांचं गाणं दोनदा ऐकलं. माझाच हात, माझाच तार घासण्याचा ढंग, माझी घाई. फक्त मी त्यात नव्हतो. परवा ते राजांसमोर लावायचं, हात थरथरतो सांगून टाकायचं, ताप आला सांगायचं. पपांना एका कानाने कमी ऐकू येतं. चालून गेलं असतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. चालून गेलं असतं, यापेक्षा वाईट काही मला सुचत नव्हतं.

पपा ओसरीत होते. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर तिघे राजे रांगेत, रंगाच्या डब्या, आणि पपांच्या हातात बारीक ब्रश. दर वर्षी ते घोड्यांचे पाय नव्याने रंगवतात. मी म्हणालो, आशीर्वाद द्या, पपा. ते म्हणाले, देव तुझं भलं करो, गोळ्या आणल्यास? पिशवी न उघडता त्यांनी बाजूला ठेवली. शेजारणीची पोर दिवसभर ते तुझं गाणं लावते, म्हणाले. मग ब्रश फडक्याला पुसत, माझ्याकडे न बघता, "मोजणारा तूच ना?"

"हो."

"लहानपणी मोज म्हणून तुझ्या टाळक्यात मारायचो मी. तू कधी मोजलं नाहीस. नुसता सुटायचास." त्यांनी ब्रश डबीवर आडवा ठेवला. "कुठलं बोट?"

मी हात पुढे केला. त्यांनी अनामिका धरली, वाकवली, सोडली, नखाला नख लावून बघितलं. त्यांची स्वतःची बोटं आता आल्याच्या गाठींसारखी झाली आहेत. दुखतं का, विचारलं. नाही म्हणालो, आणि तिथे माझा बांध फुटला. सगळं सांगितलं: मायामी खोटं, सोफा, चार आवर्तनं, दोनशे चौदा. शेवटी फोन काढला. म्हणालो, पपा, यात सगळं गाणं आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, याच हाताचं आहे, परवा हे लावू, कुणाला कळणार नाही. चांगला कान फोनकडे करून त्यांनी पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. वाजवलंय छान, म्हणाले. कोण आहे? मी म्हणालो, मीच. त्यांनी मान हलवली. "याला श्वास घ्यावा लागत नाही," म्हणाले, आणि फोन उपडा करून गोळ्यांच्या पिशवीवर ठेवला.

मग आतून त्यांची गिटार आणली. मला म्हणाले, बस. मी म्हणालो, पपा, होत नाही. दोन वर्षं झाली, होत नाही. ते बसले आणि मेल्चोरला हातात घेतलं. मी गिटार धरली, श्वास ओढला आणि म्हणालो, एक. "मोजू नकोस," पपा म्हणाले. मी वाजवायला लागलो. दुसऱ्या आवर्तनात ते वळलं, आत गेलं, तळव्याला चिकटून बसलं. मी थांबलो आणि हात आपोआप पुन्हा पहिल्या सुरावर गेला.

"मागे जाऊ नकोस."

"पुढे जात नाही, पपा."

"मग पडत पडत जा. ते घोड्यावर आहेत, त्यांना घाई नाही."

मी पुढे गेलो. तीन बोटांनी, लंगडत. अनामिकेचा सूर जिथे यायचा तिथे काही आलं नाही, नुसती भोकं पडत गेली. तिसरं आवर्तन कसंबसं गेलं. चौथ्यात अंगठा चुकला, कारण तो त्या बोटाची वाट बघत राहिला. इतकं वाईट मी आठ वर्षांचा असतानाही वाजवलं नव्हतं. शेजारणीच्या घरातलं गाणं थांबलं. मला वाटलं, ती पोर खिडकीत आली असणार, आणि मला लाज वाटली, आणि त्या लाजेतच चौथं संपलं. हात थांबला. इथून पुढे दोन वर्षांत मी गेलो नव्हतो. इथून पुढे नेहमी यंत्र जायचं. बोट परत येणार नव्हतं. परवाही येणार नव्हतं, पुढच्या वर्षीही नाही. अर्ध्या गावासमोर मला हेच असंच वाजवावं लागणार होतं, ही भोकं, हा लंगडेपणा, आणि पपा जिवंत असेपर्यंत दर वर्षी. ते मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. मी पाचव्या आवर्तनाचा पहिला सूर छेडला. तो बरोबर होता. दुसरा आलाच नाही. पाचवं संपलं तेव्हा डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून गिटारच्या लाकडावर पडत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पपांनी ब्रश उचलला आणि घोड्याचा तिसरा पाय रंगवायला घेतला.

"सहावं," ते म्हणाले.